फक्त वरचे आवाज

आधीच सांगून टाकतो, मी बरा झालो. घशातली गाठ गेली, मानेतली गेली, शेवटच्या स्कॅनमध्ये डॉक्टरीणबाईंना बोट ठेवायला जागा सापडली नाही. ज्यांना एवढंच हवं आहे त्यांनी इथेच थांबावं आणि देवापुढे नारळ फोडावा. पुढचं गोड नाही. मीही गोड माणूस नाही, हे माझ्या घरातलं कुणीही सांगेल.

मी तंबोऱ्याची जवारी काढतो. काढत होतो म्हणा. आमचे पूर्वज बेंगळुरात कधी आले ते आम्हालाच नीट ठाऊक नाही. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही, असं आमचं चालतं. राजाजीनगरच्या घराची पुढची खोली हेच दुकान. हिंदुस्तानी गाणारे येतात, कर्नाटक संगीतवाले येतात, तंबोरा दोघांनाही लागतो.

जवारी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भोपळ्यावर ज्या चपट्या तुकड्यावरून तारा जातात ती घोडी. तिची पाठ कानशीने अशी हलकेच उतरती करायची की तार तिला चाटत वाजावी. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. जमलं की एका तारेतून एकच सूर निघत नाही. आधी जाड षड्ज येतो. मग त्याच्या पोटातून गांधार येतो, जो कुणी छेडलेलाच नसतो. आणि त्याच्याही वर एक बारीक चुरचुर उठते, तापल्या तव्यावर पाण्याचे शिंतोडे उडवल्यासारखी. गाणारा त्या चुरचुरीत आपला गळा मिसळतो. ती नसेल तर तंबोरा म्हणजे नुसतं लाकूड आणि भोपळा.

ती चुरचुर ऐकण्यात माझी तीस वर्षं गेली. तंबोऱ्याकडे पाठ करून बसलो तरी सांगायचो, ही घोडी हाडाची, ही लाकडाची, ही तार जुनी, हिला कुणीतरी घामट हात लावलाय. लोक चाट पडायचे आणि मला ते फार आवडायचं. एकाच पट्टीतले, एकाच कारागिराचे दोन तंबोरे शेजारी ठेवले तरी त्यांचा रंग वेगळा असतो. तो वेगळा रंग ओळखणं हीच माझी सगळी अक्कल, दुसरी कसली मला नाही.

दुकानात आम्ही दोघं. मी आणि माझा धाकटा भाऊ दत्तू. खुंट्या बसवणं, तारा ओढणं, पॉलिश ही त्याची कामं. जवारी फक्त माझी. "दत्तूला कान नाही," हे मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, तो तिथेच बसलेला असताना. तो मान खाली घालून हसायचा. मला वाटायचं त्याला काही वाटत नाही.

रिपोर्टचा दिवस

गाठ सापडली ती शर्टाचं वरचं बटण लागेना म्हणून. माझी मुलगी गीता घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिने त्याच दिवशी मला गाडीत घातलं. पुढच्या दहा दिवसांत इतक्या ठिकाणी इतक्या सुया टोचल्या की मी मोजायचं सोडून दिलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, म्हैसूरकडच्या. त्या काय बोलल्या त्याआधी मला त्या कशा बोलल्या ते ऐकू आलं. आदल्या आठवड्यात त्यांचा आवाज टोकदार होता, स्पष्ट. त्या दिवशी त्यांनी त्यातली सगळी धार काढून घेतली होती. तारेवर बोट टेकवून छेडल्यावर होतं तसं. मी सुमनकडे, माझ्या बायकोकडे, पाहिलं आणि म्हटलं, "संपलं." बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं नीट.

त्यांनी शब्द उच्चारला. तो इथे लिहीत नाही, तुम्ही वाचताय म्हणजे तो तुमच्याही घरात येऊन गेलाय. मग त्यांनी उपचार सांगितले. सात आठवडे रोज किरणांचा शेक, आणि मध्ये तीन वेळा शिरेतून औषधाची बाटली. "त्यात प्लॅटिनम असतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, अरे वा, लग्नात सोनंसुद्धा धड घातलं नाही आणि आता थेट प्लॅटिनम. कुणी हसलं नाही.

"किडनीवर लक्ष ठेवू. कानांवर स्वल्प परिणाम होऊ शकतो. फक्त वरचे आवाज जातील."

"वरचे म्हणजे?"

"पक्ष्यांचे वगैरे. बारीक घंटी. रोजच्या बोलण्याला काही अडत नाही, अंकल. वयाने ते जातातच."

फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात गीताने 'बिझनेस' लिहिलं होतं. गाठीवाल्याचा धंदा काय, याच्याशी गाठीला काय देणंघेणं, असं तिला वाटलं असणार. आता तिने घाईघाईने सांगितलं की अण्णा तंबोऱ्याचं काम करतात, सगळं कानावर चालतं. बाईंनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ त्या माझ्या कानांकडेच बघत होत्या.

"दुसरं औषध आहे," त्या म्हणाल्या. "ते कानाला सौम्य आहे." मग खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढचंही बोलल्या. "गाठीलाही सौम्य आहे."

मी काही म्हणायच्या आत सुमन म्हणाली, "जास्त जालीम असेल ते द्या. कान घेऊन काय करायचंय? मला माणूस पाहिजे."

पुढचं वर्षभर मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की निर्णय हिने घेतला, माझे कान हिने विकले. तिच्यासमोर सांगितलं. ते धादांत खोटं आहे. तिच्या वाक्यानंतर खोलीत भरपूर वेळ होता. बाई माझ्याकडे बघत होत्या. 'थांबा' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं, पण मी म्हटलं नाही, कारण माझी भीतीने गाळण उडाली होती. मला जगायचं होतं, आणि ते मागण्याचा कमीपणा मात्र बायकोच्या नावावर टाकायचा होता.

तुम्ही उपचारांना जाणार असाल तर आपला धंदा खरा लिहा फॉर्मवर. शिवणकाम करत असाल तर बोटं लिहा, स्वयंपाकाचं करत असाल तर जीभ लिहा. त्यांना विचारायचं सुचत नाही, आणि आपल्याला लाज वाटते.

जाळीचा चेहरा

शेकासाठी चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला आवळतात. डोकं हलू नये म्हणून. मला बंद जागेची भीती नव्हती, तिथे लागली. मशीन सुरू झालं की एक गुणगुण यायची, काळी दोनच्या पट्टीच्या जरा खाली. मी तिच्यावर मनातल्या मनात तंबोरा लावायचो. आधी खर्ज, मग जोडी, मग पंचम. पंचम लागेपर्यंत टेबल खाली यायचं. तेवढ्यावर मी सात आठवडे काढले. कुणाला उपयोगी पडलं तर घ्या.

बाटलीच्या दिवशी मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची. शेजारच्या खुर्चीवर येलहंक्याचे एक निवृत्त गृहस्थ असायचे. त्यांच्या स्वरयंत्रातच आजार होता, आवाज पार फाटलेला, आणि बडबड अखंड. त्यांचा आवाज मला फार आवडला, हे मी त्यांना सांगितलं. म्हटलं, असा खरखरीत पण भरलेला आवाज लाकडातून काढायला आम्हाला चार दिवस लागतात. ते इतके हसले की नर्स धावत आली. "घेऊन टाका," म्हणाले, "पुढच्या महिन्यात कापून काढणारच आहेत." तिसऱ्या बाटलीच्या वेळी त्या खुर्चीवर दुसराच माणूस होता. मी नर्सला विचारलं. तिने माझ्या सलाइनचं चाक फिरवलं, "नोवु इद्या, अंकल?" दुखतंय का, एवढंच विचारलं आणि गेली.

पहिल्या बाटलीने काही झालं नाही. उलट्या झाल्या, पण त्यांचं कोण कौतुक करतो. रोज सकाळी मी माझा स्वतःचा तंबोरा छेडून बघायचो. सगळं जागच्या जागी होतं. मी सुमनला म्हटलं, "डॉक्टरांना काय कळतंय? तयारीचा कान आहे हा."

दुसऱ्या बाटलीनंतर चौथ्या दिवशी कानात सूर सुरू झाला. बारीक, अखंड. बाहेर कुठे तार लोंबतेय का म्हणून मी गच्चीत जाऊन आलो. मग कळलं, आतच आहे. तार सप्तकातल्या निषादाच्या आसपासचा, पण निषाद नव्हे, किंचित उतरलेला. देवा, माझ्या कानात आयुष्यभराचा सूर ठेवायचाच होता तर निदान सुरात तरी ठेवायचास! तो आजही वाजतोय. हे लिहितानाही वाजतोय. घरात सगळे झोपले तरी तो झोपत नाही, आणि तो बेसूर आहे.

तिसऱ्या बाटलीआधी कानांची तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसायचं, टिकटिक ऐकू आली की बटण दाबायचं. मी बटणाकडे बघत बसलो होतो आणि बाहेरची मुलगी माझ्याकडे. बराच वेळ काही वाजेना. मी काचेवर टकटक केलं, "सुरू करा की." ती मुलगी म्हणाली, "मुगीतु, सार." म्हणजे झालं. सुरू होऊन संपलंही होतं.

कागदावरची रेघ डावीकडे सरळ होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती. या वेळी डॉक्टरीणबाईंनी सुमनकडे पाहिलंच नाही. मला विचारलं, तिसरी द्यायची का? मी म्हटलं, "द्या."

घरी

तोंड आतून सोललं होतं. नाचणीची पेज घशाखाली जायला तासभर लागायचा. सुमन वाटी धरून बसायची आणि मी तिला वाटेल ते बोलायचो. पेज गार झाली म्हणून, पेज गरम आहे म्हणून. एकदा वाटी भिरकावली. तिने भिंत पुसली आणि दुसरी वाटी आणली.

त्या दिवसांत मला कळलं की माणसांचीही जवारी असते आणि तीही गेलीय. शब्द यायचे, पण सगळे कांबळ्यातून आल्यासारखे. 'स' आणि 'श' गायब. कुकरच्या शिट्टीचा नुसता फुस्कारा. डास चावला की मगच कळायचा. गीता आणि सुमन या दोघींचे आवाज एकसारखे झाले. एक दिवस फोनवर मी गीताला पाच मिनिटं सुमन समजून शिव्या घातल्या.

सुमनला बघायला गेलो होतो तेव्हा मी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. ती आतून म्हणाली होती, "चहात साखर किती?" आणि तिच्या आवाजाच्या वरच्या कडेला एक बारीक चिरकी खर होती, ताज्या जवारीसारखी. मी तिथेच हो म्हटलं. ती खर आता नाही. मी तिला तसं सांगितलं. वाईट शब्दांत सांगितलं, "तुझा आवाज आता कुणाचाही असू शकतो."

ती पदराला हात पुसत उभी राहिली. "तुम्ही मेला असतात तर कुणाचा ऐकला असतात?" म्हणाली. "हो, मीच सांगितलं जालीम द्या. पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगेन. जा, काय करायचं ते करा."

असं ऐकवणारी बायको मिळाली हे माझं नशीब. त्या वेळी मात्र मी दोन दिवस अबोला धरला.

कानात घालायची यंत्रं घेतली. त्यांची निंदा करणार नाही, सुमनचं बोलणं त्यांनी परत आणलं, फक्त बोलणं. तंबोरा मात्र त्यातून डब्यात खडे हलवल्यासारखा येतो. त्यामुळे कामाला बसताना मी ती काढून ठेवायला लागलो. तिथून पुढची सगळी चूक माझी.

बंद तंबोरे

शेक संपल्यावर तीन महिन्यांनी मी गादीवर बसलो. वजन बारा किलो उतरलेलं, पण बोटं शाबूत. कागदावरच्या रेघेबद्दल मी मनाशी ठरवलं होतं की यंत्राला जवारीतलं काय कळतंय. टिकटिक ऐकू येत नाही म्हणजे तंबोरा ऐकू येत नाही असं थोडंच आहे?

पहिला तंबोरा घेतला. बंद. बंद म्हणजे जवारी मिटलेली, सूर नुसता गोल, वर काही उमलत नाही. घोडी थोडी कानसली. अजून बंद. आणखी कानसली. दोरा हलवला. बऱ्याच वेळाने वर काहीतरी चुरचुरल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, चला, जमलं.

दुसराही बंद. तिसराही. आता माझं टाळकं सरकलं. "दत्तू, तार कुठली आणलीस ही? तारेची जातच बिघडलीय. काय कानात बोळे घालून खरेदी करतोस का?" तो म्हणाला, "बदलून आणतो, अण्णा." बदलून आणली. तीही तशीच. मग मी हवेला शिव्या दिल्या, लाकडाला दिल्या. एकेका घोडीवर मी दिवसदिवस कानस चालवत होतो. संध्याकाळी गीताला बोलावून विचारायचो, "कशी?" ती म्हणायची, "छान, अण्णा." सुमन म्हणायची, "छान." दत्तू मान हलवायचा आणि तंबोरा गवसणीत घालायचा.

लक्षात येतंय ना? जवारी उघडीच होती. ती जिथे उघडते तिथलं ऐकायला मीच नव्हतो. मी तंबोरे माझ्या मेलेल्या कानाला जुळवत बसलो होतो. हे मला नऊ तंबोरे होईपर्यंत सुचलं नाही. तीस वर्षांचा अनुभव असल्यावर असं होतं, नवशिक्याला तिसऱ्या तंबोऱ्यालाच शंका आली असती.

नववा तंबोरा बसवनगुडीच्या राजम्मांचा. सत्तरीच्या, गाणं शिकवणाऱ्या, तोंडाने फटकळ, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. मी मंगळवारी काम संपवलं, गुरुवारी दुपारी त्या न्यायला येणार होत्या. त्या यायच्या आधी मी तारांखालची धूळ पुसायला घेतली आणि बोट घोडीला लागलं.

घोडी माझी नव्हती.

लहानपणी माझं उजवं मनगट मोडलं होतं, ते जरा तिरकं बसलंय. त्यामुळे माझी कानस तिरकी चालते आणि घोडीची डावी कड किंचित जास्त उतरते. कुणाला दिसत नाही, माझ्या बोटाला कळतं. ही घोडी दोन्ही कडांना सारखी होती.

"गीता!" मी हाक मारली. "ही घोडी कुणाची?"

तिचा चेहरा उतरला. "अण्णा, आधी बसा."

"बसलेलोच आहे. कुणाची?"

ती दत्तूच्या फळीकडे गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. आत नऊ घोड्या. सगळ्या माझ्या. मी बोट फिरवलं. पाटासारख्या सपाट केल्या होत्या मी, कसाई करणार नाही असं काम. ती हळूहळू सांगत गेली. पहिला तंबोरा गेला त्याच दिवशी फोन आला होता, पत्र्यासारखा वाजतोय, समोर धरून गाता येत नाही. काका म्हणाले, अण्णांना कळू देऊ नका, आत्ता कुठे उठून बसलाय. मग त्यांनी नवी घोडी बसवली आणि जवारी काढली. नंतर प्रत्येकच. मी दिवसभर बिघडवायचो आणि तो आपल्या घरी नेऊन दुरुस्त करायचा.

"किती परत आले त्याचे?"

गीता डब्यातल्या घोड्या सारख्या करायला लागली.

"विचारतोय ना मी!"

"एकही नाही, अण्णा."

तेवढ्यात राजम्मा आल्या. त्यांच्यामागे दत्तू, हातात त्यांची पिशवी. त्यांनी खुर्ची नाकारली, खाली मांडी घातली आणि तंबोरा छेडला. डोळे मिटले. मी त्यांचा चेहरा बघत होतो, कारण बघण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. त्यांच्या गालाचा एक स्नायू सैल पडला. गाणारे असे सैल पडतात तेव्हा काम झालेलं असतं, हे मला तीस वर्षं ठाऊक आहे.

"अय्यो, एन नाद!" काय हा नाद, असं त्या म्हणाल्या. मग मोठ्या आवाजात, मला कळावं म्हणून, "अण्णा, आजारपणानंतर तुमचा हात गोड झालाय. खरं सांगू? पूर्वी तुमची जवारी स्वल्प टोचायची. तुम्ही रागावता म्हणून कधी बोलले नाही."

दत्तू दारात उभा होता. डबा गीताच्या हातात उघडाच होता. मी म्हटलं, "सरी अम्मा, नीट जपा."

होय. त्याच्यासमोर मी ते कौतुक घेतलं. त्याने तंबोरा गवसणीत घातला आणि रिक्षापर्यंत पोचवून आला.

दत्तू

तो आत आल्यावर मी त्याला पहिलं काय विचारलं असेल? धन्यवाद नाही, माफी नाही. मी विचारलं, "कुठे शिकलास?"

"इथेच," तो म्हणाला. "तुझ्या शेजारी बसून. मी दुसरं काय करत होतो?"

त्याने कोपऱ्यातला एक तंबोरा उचलून माझ्यासमोर ठेवला. आदल्या दिवशी त्यानेच पुरा केलेला. चार तारा छेडल्या आणि म्हणाला, "सांग. कशी झालीय?"

मला षड्ज आला. जाड, गोल, मिटलेला. मी भोपळ्यावर तळहात ठेवला. थरथर होती. पण कसली थरथर, गोड की कर्कश, ते तळहाताला कळत नाही. आणि वर तो माझा उतरलेला निषाद.

"मला ऐकू येत नाही, दत्तू." त्या खोलीत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं. तोंडावर मारल्यासारखं वाटलं.

"ठाऊक आहे. तरी सांग. बावीस वर्षं न ऐकताच सांगत होतास की."

सुमन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मला 'छान' म्हणता आलं असतं. घरात सगळे तेच म्हणत होते, अजून एक छान खपून गेलं असतं. पण या एका बाबतीत मी कधी खोटं बोललो नव्हतो, असं म्हणणार होतो, आणि तिथेच अडकलो. कारण बोललो होतो.

तो चोवीस वर्षांचा असताना मी त्याला पहिली जवारी काढायला दिली होती. मिरजेहून आलेला तंबोरा, काळसर दांडीचा. त्याने काढली, मी ऐकली आणि म्हटलं, पुन्हा. अशी सात वेळा. सातव्यांदा त्याच्या हातातली कानस काढून घेतली आणि गिऱ्हाइकासमोर म्हटलं, याला कान नाही, याला खुंट्या द्या.

"तुझी ती पहिली," मी म्हटलं. "मिरजेच्या तंबोऱ्याची."

"सात वेळा करायला लावलीस ती."

"ती पहिल्या खेपेलाच झाली होती."

तो हलला नाही. "तेव्हा तुला ऐकू आली होती?"

"लख्ख. एकेक कण."

"मग?"

"माझ्यापेक्षा गोड होती," मी म्हटलं. "मला तेव्हाच कळलं. म्हणून."

मला वाटलं तो रडेल. वाटलं अंगावर येईल, आणि आला असता तर बरं झालं असतं. तो खाली बसला आणि कानस उगाच हातात घेऊन फिरवत राहिला. मग खाली मान घालून काहीतरी बोलला. मला एक शब्दही लागला नाही. मी म्हटलं, "काय?" तो पुन्हा तसाच बोलला. मी पुन्हा म्हटलं, "काय?"

तेव्हा गीताने माझ्याजवळ येऊन कानाशी सांगितलं. "काका म्हणतायत, बावीस वर्षं ते प्रत्येक तंबोऱ्याला कान लावून शोधत होते, की यात असं काय आहे जे अण्णाला ऐकू येतं आणि मला येत नाही."

दत्तूने कानस खाली ठेवली. माझ्याकडे वळला, माझे डोळे त्याच्या ओठांवर येईपर्यंत थांबला आणि एकेक अक्षर सुटं करून, मला नीट कळेल असं बोलला.

"बरं झालं, तुझे कान गेले."

मला सगळं कळलं. त्याने पुढचा तंबोरा मांडीवर घेतला आणि तारा उतरवायला लागला.